इंजिनाचें तेल : जाड कीं पातळ?



घाटाच्या पायथ्याशीं असलेल्या कोणत्याही गॅरेजांत थोडा वेळ उभें राहिलें, तर एक संवाद हमखास कानीं पडतो. मिस्त्री विचारतो, "कोणतें ऑइल टाकूं?" आणि ड्रायव्हर उत्तर देतो, "जाड टाका. घाट चढायचा आहे." पुष्कळ वेळां ह्या दोन वाक्यांतच निर्णय होऊन जातो. गाडीबरोबर आलेली पुस्तिका सीटखालीं न उघडलेली तशीच पडून असते. वाक्यें लहान खरीं. परंतु त्यांवर अवलंबून असणारी वस्तु लहान नव्हे. पिकअप बहुधा कर्जानें घेतलेली असते, महिन्याचा हप्ता तिच्याच चाकांवर निघतो, आणि इंजिनाचें काम निघालें म्हणजे गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहते; हप्ता मात्र उभा राहत नाहीं. म्हणून आज नभोवाणीवरून ह्या एकाच प्रश्नाचा विचार आपण करूं : भारी ओझें, लांब चढण आणि कडक उन्हाळा अशा परिस्थितींत इंजिनाला कितपत दाट तेल द्यावें?

"जाड तें चांगलें" ही समजूत अगदींच खुळी आहे असें मी म्हणणार नाहीं. तिला जुना आधार आहे. पूर्वींच्या इंजिनांत एकमेकांवर फिरणाऱ्या भागांमधील फटी मोठ्या असत. तेलेंही एकेरी असत. तीस नंबर, चाळीस नंबर अशीं त्यांचीं नांवें. हीं तेलें उष्णतेनें भराभर पातळ होत. चाळीस नंबरचें तेल घाटांत पातळ पडलें, तर पन्नास नंबर घालणें हाच काय तो उपाय त्या काळच्या माणसाच्या हातीं होता, आणि तो उपाय त्याच्या इंजिनाला मानवतही होता. पुढें इंजिन बदललें, तेलही बदललें. समजूत तेवढी बापाकडून मुलाकडे जशीच्या तशी आली.

ती पारखून घ्यावयाची तर इंजिनांत तेल नेमकें काय करतें, हें आधीं पाहिलें पाहिजे. बहुतेकांची कल्पना अशी असते कीं, तेल चोपडल्यानें लोखंड गुळगुळीत होतें व म्हणून घर्षण कमी होतें. खरी गोष्ट ह्याहून निराळी आणि अधिक मौजेची आहे. १८८३ च्या सुमारास इंग्लंडांत बीचॅम टॉवर नांवाचा एक इंजिनियर फिरत्या आंसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. तेल घालण्याच्या सोयीसाठीं त्यानें बेअरिंगच्या माथ्यावर एक भोंक पाडलें. आंस फिरूं लागतांच तेल त्या भोंकांतून आंत जाण्याऐवजीं उलट वर येऊन वाहूं लागलें! त्यानें लांकडी खुंटी ठोकून भोंक बुजविलें. तर ती खुंटीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. तेव्हां त्यानें तेथें दाब मोजण्याचा कांटा बसविला. तो दर चौरस इंचास २०० पौंडांपर्यंत दाब दाखविणारा होता, आणि तोही अपुरा पडला. ह्या गोष्टीची गणितानें उकल ऑस्बोर्न रेनॉल्ड्स ह्या शास्त्रज्ञानें १८८६ सालीं केली. फिरणारा आंस आपल्या अंगाबरोबर तेल ओढून नेतो व पाचरीसारख्या निमुळत्या फटींत कोंबतो. कोंबलेल्या तेलांत दाब उत्पन्न होतो आणि त्या दाबावर सारें ओझें तरंगतें. पावसाळ्यांत भरधाव मोटारीचें चाक साचलेल्या पाण्यावर उचललें जाऊन गाडी घसरते, तोच हा प्रकार. रस्त्यावर तो घातक आणि बेअरिंगमध्यें मात्र जीवनदायी.

म्हणजे चांगल्या चाललेल्या इंजिनांत क्रँकशाफ्ट बेअरिंगला टेकलेलाच नसतो. तो तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत असतो. भार पडतो त्या बाजूस हा पापुद्रा एखाद-दुसऱ्या मायक्रॉनचा, कधीं त्याहूनही पातळ असतो. माणसाचा केस सुमारें सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे हा आधार किती नाजूक आहे याची कल्पना येईल. पापुद्रा टिकतो कीं तुटतो हें तीन गोष्टींवर ठरतें : तेलाचा दाटपणा, शाफ्ट फिरण्याचा वेग, आणि वरचा भार. दाटपणा व वेग वाढले तर पापुद्रा जाड होतो. भार वाढला तर तो चेपला जातो. ह्या तिहींपैकीं वेगाचा विचार गॅरेजांत कोणी करीत नाहीं. त्याकडे मी पुढें येणारच आहें.

आतां दाटपणा मोजतात कसा, आणि डब्यावर "१५डब्ल्यू-४०" असें जें लिहिलेलें असतें त्याचा अर्थ काय? दाटपणाला शास्त्रीय परिभाषेंत श्यानता म्हणतात. ठराविक उष्णतेवर अरुंद कांचनळींतून तेल आपल्या वजनानें खालीं वाहूं द्यावयाचें आणि किती वेळ लागतो तें पाहावयाचें, ही मोजण्याची मूळ रीत. ह्या मापाच्या एककाला सर जॉर्ज स्टोक्स ह्या गणितज्ञाच्या नांवावरून स्टोक म्हणतात व त्याच्या शंभराव्या भागाला सेंटिस्टोक. साध्या पाण्याचा दाटपणा २० अंश उष्णतेवर जवळजवळ एक सेंटिस्टोक भरतो, त्यामुळें हें माप मनांत धरणें सोपें जातें. श्यानतेच्या दुसऱ्या एककाला पॉइज म्हणतात. तें नांव प्वाझोय ह्या फ्रेंच वैद्याचें. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसें वाहतें याचा शोध घेतां घेतां त्यानें नळींतील प्रवाहाचा नियम सांपडविला.

१५डब्ल्यू-४० ह्यांतील मागचा आंकडा, म्हणजे ४०, हा गरम तेलाचा आहे. अमेरिकेंतील मोटार-इंजिनियरांच्या संस्थेनें ठरविलेल्या प्रमाणाप्रमाणें १०० अंश उष्णतेवर ज्याचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान भरेल, तें ४० नंबरचें तेल. ९.३ ते १२.५ भरेल तें ३०, आणि १६.३ ते २१.९ भरेल तें ५०. पुढचा आंकडा व त्याबरोबरचें "डब्ल्यू" हें अक्षर हिंवाळ्याचें आहे. इंग्रजींत हिंवाळ्याला जो शब्द आहे त्याचें तें आद्याक्षर होय. हें अक्षर वजनाचें असून पंधरा म्हणजे हलकें तेल, असें कित्येक दुकानदारही सांगतात. तें बरोबर नाहीं. ज्याच्या अंगीं १५डब्ल्यू आहे त्या तेलानें शून्याखालीं २० अंशांवर इंजिन फिरूं दिलें पाहिजे व शून्याखालीं २५ अंशांवर पंपाकडे वाहत गेलें पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. ५डब्ल्यू तेलासाठीं ह्याच कसोट्या शून्याखालीं ३० व ३५ अंशांवर लावतात.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. "थंड असतांना पंधरा आणि गरम झालें म्हणजे चाळीस", म्हणजे तापल्यावर तेल दाट होतें, असें मानणारे लोक मला भेटले आहेत. तसें मुळींच नाहीं. सर्व तेलें तापल्यावर पातळच होतात. १५डब्ल्यू-४० तेल ४० अंशांवर शंभर-एकशेंदहा सेंटिस्टोक असतें, तर १०० अंशांवर चौदा-पंधरा. बहुश्रेणी तेलाची करामत एवढीच कीं, त्यांत घातलेल्या लांब साखळीच्या रेणूंमुळें हें पातळ होणें बरेंच आवरलें जातें. थंडींत हे रेणू गुंडाळून बसतात व उष्णतेनें उलगडतात. सतत घुसळले गेल्यानें ते हळूहळू तुटतातही, आणि मग जुनें झालेलें ४० नंबरचें तेल ३० नंबरच्या वळणावर जातें. तेल वेळेवर बदलण्याचें हें एक कारण.

आतां घाटाकडे वळूं. पोलादपुराहून महाबळेश्वरास आंबेनळी घाटानें चढून जावयाचें आहे असें समजा. अंतर सुमारें ४० किलोमीटर, आणि चढ सुमारें १३०० मीटरांचा. ओझ्यासह गाडीचें वजन तीन टन धरूं. नुसतें एवढें वजन एवढ्या उंचीवर नेण्यास लागणारी शक्ति हिशेबानें ३८ दशलक्ष जूल येते. एक लिटर डिझेल जळल्यानें सुमारें ३६ दशलक्ष जूल उष्णता मिळते. म्हणजे वरवर पाहतां एका लिटरांत काम भागावें. परंतु इंजिन डिझेलांतील उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोंचवितें. तेव्हां लागणार तीन लिटर, तेही केवळ उचलण्यासाठीं. रस्त्याचें व वाऱ्याचें घर्षण निराळेंच. ह्या तिहींतील दोन लिटरांची उष्णता कोठें जाते? बरीचशी सायलेन्सरवाटे धुराबरोबर जाते, बरीचशी रेडिएटरच्या पाण्यांत जाते, आणि उरलेली तेलांत. सपाटीवर हीच उष्णता किती तरी कमी असते व समोरचा वारा भरपूर मिळतो. घाटांत गाडी ताशीं वीस-पंचवीस किलोमीटरनें सरकत असते. म्हणजे विस्तव दुप्पट आणि वारा निम्मा.

रेडिएटरच्या पाण्याला थर्मोस्टॅट नांवाचा राखणदार असतो. रेडिएटर धडधाकट आहे तोंवर तो पाणी ८५ ते ९५ अंशांच्या आसपास राखतो. मग बाहेर पौषांतील पहांट असो वा वैशाखांतील दुपार. तेलाला बहुतेक लहान गाड्यांत असा राखणदार नाहीं. त्याची उष्णता भाराच्या मागोमाग चढते. सरळ रस्त्यावर तें ९० ते ११० अंश असतें. भरल्या गाडीनें लांब घाट चढतांना तें १२० ते १३० अंशांपर्यंत जाऊं शकतें. आतां हिशेब पाहा. १०० अंशांवर साडेचौदा सेंटिस्टोक असलेलें १५डब्ल्यू-४० तेल १२० अंशांवर साडेनऊच्या आसपास येतें. म्हणजे तेल वीस अंश अधिक तापलें कीं ४० नंबरचें तेल ३० नंबरच्या पायरीवर उतरलें. घाटांतील ड्रायव्हरला जाड तेल हवेंसें वाटतें, त्यामागील सत्य तें हेंच, आणि तें नाकारण्याचें कारण नाहीं.

परंतु ह्याच हिशेबांतून दुसरी एक गोष्ट निघते व ती पुष्कळांना पटत नाहीं. चंद्रपुरास मे महिन्यांत कित्येक वर्षीं पारा ४६-४७ अंशांवर जातो. तेथील सपाट रस्त्यावर रिकाम्या धांवणाऱ्या मोटारीचें तेल हें मार्गशीर्षाच्या थंडींत ओझें घेऊन आंबेनळी चढणाऱ्या पिकअपच्या तेलाहून थंड असूं शकतें. म्हणून अंगणांतील तापमापक पाहून तेलाची ग्रेड ठरविणें ही रीत अपुरी आहे. पाण्यानें थंड होणाऱ्या इंजिनाला बाहेरच्या उन्हापेक्षां ओझें व चढण हींच अधिक तापवितात.

आतां वेगाची गोष्ट. पापुद्रा टिकण्यास दाटपणाइतकाच वेगही कारणी लागतो, असें मघां सांगितलें. डिझेल वाचविण्याच्या हौसेनें कित्येक ड्रायव्हर चढणीवर वरचा गिअर सोडीत नाहींत. इंजिन घोगऱ्या आवाजांत धडधडत असतें, फेरे हजार-बाराशेंवर आलेले असतात आणि पाय पूर्ण दाबलेला. ह्या वेळीं काय होतें? भार कमाल, वेग किमान. बेअरिंगमधील पाचर दुबळी पडते. तेलाचा पंप इंजिनच फिरवीत असल्यामुळें तोही मंदावतो, पाण्याचा पंपही मंदावतो. आणि हें सारें नेमकें तेल सर्वांत गरम असतां. तोच माणूस एक गिअर खालीं उतरून फेरे दोन हजारांवर नेईल, तर तितक्याच वेगानें गाडी चालत असतांही प्रत्येक धक्क्याचा भार कमी होतो आणि शाफ्टचा वेग पाऊणपट-दुपटीनें वाढतो. माझ्या मतें घाटांत वेळेवर पाडलेला गिअर हा तेलाच्या एका ग्रेडीहून अधिक मोलाचा आहे, आणि त्याला पैसे पडत नाहींत.

माझा एक जुना विद्यार्थी ह्याच वाटेनें किराणा वर नेतो व हंगामांत स्ट्रॉबेरीच्या पेट्या खालीं आणतो. त्याची पिकअप नवी, २०२० नंतरची. पुस्तिकेंत ५डब्ल्यू-३० तेल सांगितलेलें. "गुरुजी, हें तर पाणीच आहे हो!" असें तो मला म्हणाला. त्याच्या वडिलांच्या जिपेला त्यांनीं जन्मभर वीस-पन्नास घातलें आणि जीप चांगली चालली, हा त्याचा पुरावा. त्यानें दुसऱ्या वेळीं वीस-पन्नास भरविलें. थंडीच्या दिवसांत पहांटे सेल्फ मारला कीं पहिले कांहीं क्षण इंजिनाच्या माथ्यावरून खडखड ऐकूं येऊं लागली व मग थांबूं लागली. इंजिनाला तेल कमी पडतें आहे हें त्यानें अचूक ओळखलें. पण त्यावर उपाय म्हणून आणखी जाड तेल शोधूं लागला. पुस्तिका काढून आम्ही दोघांनीं वाचली, त्यानें पुन्हां सांगितलेलें तेल भरलें, आणि ती खडखड गेली.

असें कां व्हावें? पहांटे दहा अंश उष्णतेवर २०डब्ल्यू-५० तेल हें ५डब्ल्यू-३० च्या तिपटीहून अधिक दाट असतें. नव्या इंजिनांतील तेलाच्या वाटा अरुंद असतात. व्हॉल्वचे टॅपेट, टायमिंगची साखळी ताणून धरणारा भाग, हे तेलाच्याच दाबावर चालतात. टर्बोचा आंस मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो व त्याला सुरुवातीपासून तेल हवें असतें. दाट तेल तेथें उशिरा पोंचतें. "पण माझा ऑइलचा कांटा तर अधिक दाब दाखवितो," असें कोणी म्हणेल. दाखवील! दाब म्हणजे प्रवाह नव्हे. चिंचोळ्या बोळांत गर्दी दाटली म्हणजे रेटारेटी वाढते, म्हणून कांहीं अधिक माणसें पलीकडे जात नाहींत. दाब फार वाढला कीं पंपाशेजारची झडप उघडते व तेल इंजिनांत न जातां परत चेंबरमध्यें पडतें. फिल्टरलाही अशीच झडप असते. थंड व दाट तेल फिल्टरांतून जाईना, तर ती उघडते आणि तेल न गाळतांच पुढें जातें. शिवाय दाट तेल ढवळण्यांत इंजिनाची शक्ति खर्च होते, आणि ती शक्ति पुन्हां तेलालाच तापविते.

आणखी एक मुद्दा दुकानांत सहसा कोणी सांगत नाहीं. बेअरिंगच्या पाचरींत तेल क्षणभर १५० अंशांच्या घरांत जातें व भयंकर वेगानें घासलें जातें. म्हणून तशा अवस्थेंतील दाटपणाचीही एक निराळी कसोटी आहे. त्या कसोटींत १५डब्ल्यू-४० तेलाला किमान ३.७ गुण लागतात, एकक सेंटिपॉइज. आणि २०डब्ल्यू-५० ला किती? तेवढेच, ३.७! ३० नंबरला किमान २.९ पुरतात, परंतु युरोपांतील मोटार-कारखानदारांच्या संघटनेनें ठरविलेल्या सी-३ ह्या वर्गांत बसावयाचें, तर ५डब्ल्यू-३० तेलालाही ३.५ गुण मिळवावे लागतात. तेव्हां ५डब्ल्यू-३० अशी एकच अक्षरें असलेले दोन डबे घाटांतील कामास सारखे असतीलच असें नाहीं. आणि जें हाताला पाण्यासारखें लागतें तें बेअरिंगमध्यें दुबळें असेलच असेंही नाहीं. बोटांच्या चिमटींत तेल धरून पारख करण्याची आपली पद्धत येथें अगदीं निरुपयोगी ठरते.

मग निवड करावी कशी? पुस्तिका उघडावी. बहुतेक पुस्तिकांत एकच ग्रेड नसून एक छोटा तक्ता असतो. बाहेरच्या तापमानाप्रमाणें दोन-तीन ग्रेडी चालतील असें त्यांत दिलेलें असतें. अशा गाडीला जर सदैव ओझें, चढण किंवा मागें ट्रॉली असेल, तर दिलेल्या ग्रेडींपैकीं मागचा आंकडा मोठा असलेली घ्यावी. उदाहरणार्थ, ५डब्ल्यू-३० व ५डब्ल्यू-४० दोन्ही मान्य असतील तर ४० घ्यावें. पुढचा आंकडा लहान असल्यानें घाटांत कांहींच बिघडत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें. ५डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० हीं तापल्यावर एकाच पायरीवर असतात. पुस्तिकेंत एकच ग्रेड दिली असेल तर ती सोडूं नये. तेथें घाटाचा बंदोबस्त दुसऱ्या वाटेनें करावा : गिअर, स्वच्छ रेडिएटर, आणि लवकर तेलबदली. कठीण वापरासाठीं बदलीचें निराळें व लहान अंतर पुस्तिकेंतच दिलेलें असतें. घाटांतील मालवाहू गाडीनें तें आपल्यासाठींच लिहिलें आहे असें समजावें.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ गाड्या आल्या. त्यांतील डिझेल गाड्यांच्या धुराड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. तेलांतील राख तींत सांचत जाते व ती जळून जाण्यासारखी नसते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचें तेल सांगितलेलें असतें. ग्रेड बरोबर आणि वर्ग चुकीचा, असें तेल घातलें तर बेअरिंग वांचतील पण गाळणी लवकर भरेल. आणि ती गाळणी स्वस्त नाहीं.

थंडीचा विचार आपल्याकडे फारसा करावा लागत नाहीं. महाबळेश्वरीं वेण्णा तलावाकांठीं हिंवाळ्यांत दंव गोठतें, एवढीच आपली थंडी. तिला १५डब्ल्यू पुरून उरतें. लडाखला उन्हाळ्यांत जाणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांनाही ग्रेड बदलण्याची गरज नसते. जून-जुलैंत तेथें पारा शून्याखालीं वीस अंशांपर्यंत जात नाहीं. हिंवाळ्यांत द्रास किंवा लेह येथें गाडी रात्रभर उघड्यावर ठेवणाराची गोष्ट मात्र निराळी. तेथें २०डब्ल्यू तेल सकाळीं डिंकासारखें होऊन बसतें, आणि ५डब्ल्यू किंवा ०डब्ल्यू ही चैन नसून गरज ठरते.

मोटरसायकलींविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. ज्यांच्या इंजिनाला पाण्याचा रेडिएटर नाहीं, तीं इंजिनें केवळ वाऱ्यावर थंड होतात. येथें अंगणांतील तापमापकाला खरोखरच महत्त्व आहे. विदर्भांतील दुपारीं गर्दींत खोळंबलेल्या गाडीला वाराही मिळत नाहीं आणि जो मिळतो तो तापलेला. अशा कांहीं मोटरसायकलींना कारखानदारच १५डब्ल्यू-५० सारखें तेल सांगतो, तर कित्येक लहान गाड्यांना १०डब्ल्यू-३०. बहुतेक मोटरसायकलींत एकच तेल इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना पुरवावें लागतें. गिअरच्या दात्यांत मघां सांगितलेले लांब रेणू चिरडले जातात व तेल लवकर पातळ पडतें. मोटारीचें तेल मोटरसायकलींत घातल्यास क्लच घसरण्याचा संभव असतो. म्हणून डब्यावर मोटरसायकलीसाठीं असल्याची खूण पाहून घ्यावी.

जुन्या, झिजलेल्या इंजिनाचें काय, असें आपण विचाराल. रिंगा व बेअरिंग झिजून फटी वाढल्या असतील, तेल जळत असेल आणि इंजिनाचें काम काढण्यास पैसा जवळ नसेल, तर एक पायरी जाड तेल घालून कांहीं महिने निभावतां येतात. हा इलाज नव्हे, मुदत मागून घेणें आहे. पण गरीबाला मुदतीचीही किंमत असते, म्हणून मी त्याला नांवें ठेवीत नाहीं.

ह्या साऱ्यापूर्वीं पाहावयाची वस्तु मात्र एकच, आणि ती म्हणजे ऑइलची पट्टी. चेंबरमध्यें तेलच कमी असेल तर तेंच थोडें तेल पुनःपुन्हां फिरतें व अधिक तापतें. घाटाच्या वळणांवर तें एका बाजूस सरकून पंपाचें तोंड उघडें पडण्याचाही धोका असतो. गाडी सपाट जागीं उभी करावी, इंजिन बंद करून पांच-दहा मिनिटें तेल खालीं उतरूं द्यावें, पट्टी पुसून पुन्हां घालावी व मग पाहावी. तेल खालच्या खुणेकडे असेल तर त्याच जातीचें घालून वरच्या खुणेपर्यंत आणावें; वरच्या खुणेच्या पलीकडे नव्हे. आणि न घालतांच तेल वाढलेलें दिसलें तर आनंद मानूं नये. शहरांत थांबत-थांबत चालणाऱ्या नव्या डिझेल गाड्यांत धुराड्याची गाळणी साफ होत असतां थोडें डिझेल तेलांत उतरतें. त्यानें पातळी वाढते आणि तेल पातळ होतें. पट्टी नाकाशीं धरली तर डिझेलचा वास येतो. असा वास आला, तर डब्यावर कोणताही आंकडा असो, चेंबरमधील तेल आतां त्या आंकड्याचें राहिलेलें नाहीं. तें पायथ्याशींच बदलून घ्यावें आणि मग गाडी घाटाला लावावी.